डाळ शिजत नाही आणि वीस तारखेला पैसे संपतात

‘ताई, मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाशिकच्या गंगापूर रोडला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. मेसचं तेलकट सोसेना म्हणून दिवाळीनंतर स्वतः करून खायला लागले. इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर, तवा आणि कढई एवढंच आहे. फ्रीज नाही. जेवणाखाण्याला महिन्याला ३५०० रुपयांच्या वर काढता येत नाहीत. शरीराला प्रथिनं हवीत म्हणून पनीर आणते, भाज्याही भरपूर आणते, पण निम्म्या सडतात. डाळ कधी गरगटते, कधी तासाभरानेही दाणे तसेच. पोळ्या नीट येत नाहीत, म्हणून ब्रेड. वीस तारखेला पैसे संपले की मॅगी आणि चहा-खारी. संध्याकाळी लॅबमधून येईपर्यंत गळून गेलेली असते. घरमालक काकूंनी खोलीत अंडी शिजवायची नाहीत असं आधीच सांगितलंय. काय करू?
— अर्धपोटी, गंगापूर रोड’

अर्धपोटी, पैसे कमी आहेत हे खरं. पण तू लिहिलेली यादी पाहिली तर ते तीन ठिकाणी गळताहेत: पनीर, ब्रेड आणि सडलेली भाजी. ही तीन भोकं बुजवली तर एका माणसाचं जेवण ३५०० रुपयांत बसतं, आणि रविवारी मिसळही खाता येते.

पनीरपासून सुरू करू. दुकानात उभं राहिल्यावर ‘किलोला किती’ हा हिशेब करू नकोस. दहा रुपयांत किती ग्रॅम प्रथिनं येतात ते बघ. भाव दर आठवड्याला बदलतात, म्हणून हे आकडे ढोबळ धर आणि तुझ्या दुकानातला भाव घालून पुन्हा काढ. सोयावडी किलोला १४० रुपये धरली तर दहा रुपयांत साधारण ३७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मसूर डाळ १०० रुपये धरली तर २४ ग्रॅम. हरभरे ९० रुपयांनी घेतले तर वीसेक ग्रॅम, शेंगदाणे १४० ने घेतले तर १७, तूरडाळ १५० ने घेतली तर १४. दूध लिटरला ६० धरलं तर पाच ग्रॅम, आणि पनीर ४०० रुपये किलोने तेवढेच, पाच. म्हणजे ज्या पैशात तू एक दिवस पनीर खातेस त्या पैशात चार-पाच दिवसांची मसूर डाळ येते. पनीर वाईट नाही, पण तुझ्या खिशासाठी ते सणावारी.

किती प्रथिनं लागतात? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, आणि आपल्यासारखं पोळी-भात हेच मुख्य जेवण असेल तर किलोला एक ग्रॅम धरावं. तुझं वजन ५५ किलो असेल तर ५५ ग्रॅम. पावडरीचे डबे वगैरे डोक्यात असतील तर काढून टाक.

आता डाळ. यात तुझी चूक फार नाही, रसायनशास्त्र आहे आणि ते तुला आमच्यापेक्षा चांगलं कळेल. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळलं की दाणा फुटतो. पाणी जड असेल, म्हणजे इमारतीत बोअरचं पाणी येत असेल, तर त्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतं आणि दाणा कडकच राहतो. दुसरं, आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो कुकरमध्ये डाळीबरोबरच टाकत असशील तर थांब. आम्लात पेक्टिन विरघळत नाही. डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच आंबट घालायचं. तिसरं, डाळीचं वय. वर्षभर पडून राहिलेली डाळ तासभर शिजवली तरी दाणा राहतो, आणि ते दुकानात बघून कळत नाही. म्हणून पहिल्यांदा पावशेरच घे, शिजवून बघ, मग त्याच गोणीतली जास्त आण. कधी गरगटते आणि कधी नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं की दोन वेळा दोन वेगळ्या दुकानांतली डाळ होती.

प्रमाण असं ठेव. दोघींना एका वेळेला तूरडाळ अर्धी वाटी. धुऊन अर्धा तास पिण्याच्या पाण्यात भिजू दे, नळाच्या नाही. मग दीड ते दोन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, तेलाचे दोन-तीन थेंब. तेलाने फेस कमी येतो. इंडक्शन १२०० वॅटवर, पहिली शिट्टी येईपर्यंत. मग ६०० च्या आसपास आणून दहा मिनिटं, आणि बंद. शिट्ट्या मोजू नकोस. इंडक्शनची शेगडी गॅससारखी एकसारखी मंद चालत नाही. कमी पॉवरवर ती चालू-बंद चालू-बंद करते, त्यामुळे ‘चार शिट्ट्या’ हे माप तिच्यावर फसतं. मिनिटं मोज. बंद केल्यावर वाफ आपोआप उतरू दे, चमच्याने शिट्टी उचलून मोकळी करू नकोस. शेवटची दहा मिनिटं डाळ त्या कोंडलेल्या वाफेवरच शिजते आणि तिला वीज लागत नाही. हा सगळा प्रकार पाव युनिटाच्या थोडासा वर जातो. काकू सबमीटरचे युनिटला दहा रुपये घेत असल्या तरी अडीच-तीन रुपयांत डाळ.

कुकरमधून पिवळं पाणी उडून भिंत रंगत असेल तर तो भरून घेतेस. डाळ-कडधान्याला पाण्यासकट निम्म्याच्या वर कुकर भरायचा नाही, फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. तीन लिटरमध्ये दोन छोटे डबे बसतात. तसं करणार असशील तर तळाला दीड पेला पाणी, खाली डाळीचा डबा, वर तांदळाचा, आणि वेळ पाच-सात मिनिटं जास्त. भात आणि वरण एकाच वीजेत होतं. डबे घेताना कुकर बरोबर घेऊन जा. मापाचा अंदाज डोळ्यांनी चुकतो आणि भांड्याचा दुकानदार वापरलेला डबा परत घेत नाही.

घाईच्या दिवशी तूर सोडून मसूर डाळ. ती न भिजवता, कुकरशिवाय, उघड्या भांड्यात वीस मिनिटांत मऊ होते. हरभरे, छोले, राजमा मात्र रात्रभर भिजायलाच हवेत, आणि भिजवायच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ टाक. सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. सकाळी ते पाणी ओतून दे. राजमा नुसत्या कोमट आचेवर शिजवायचा नाही. त्यातलं एक विषारी प्रथिन खळखळून उकळल्याशिवाय मोडत नाही आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात. कुकरमध्ये ही भीती नाही. खाण्याचा सोडा टाकून डाळ पटकन मऊ करायची युक्ती कुणी सांगेल. होते मऊ, पण चव साबणासारखी लागते आणि ब१ जीवनसत्त्व जातं.

भाजी सडते कारण तू ती आवडीच्या क्रमाने खातेस. ती नासण्याच्या क्रमाने खायची असते. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जा. संध्याकाळी उशिरा गेलीस तर पालेभाजीचे भाव उतरलेले मिळतात, कारण विक्रेत्याला जुड्या परत न्यायच्या नसतात. फळभाजी मात्र तोवर निवडून गेलेली असते. तेव्हा चांगली वांगी-भेंडी हवी असेल तर लवकर, स्वस्त मेथी हवी असेल तर उशिरा. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डाचा मोह नको, तिथे जाळी आणि शेकड्यावर माल विकतात, दोघींना तो संपणार नाही.

बुधवारी रात्री आणि गुरुवारी पालेभाजी संपव: मेथी, पालक, शेपू, जे असेल ते. शुक्रवार-शनिवार वांगी, भेंडी, गवार, टोमॅटो. रविवार-सोमवार कोबी, दुधी, गाजर, लाल भोपळ्याची फोड. मंगळवारी घरात भाजी नसते आणि नसायलाच हवी. त्या दिवशी उसळ किंवा पिठलं. म्हणजे बाजारातून चार प्रकार आणायचे आणि दोघींना मिळून: एक-दोन जुड्या पाला, अर्धा-पाऊण किलो मधल्या भाज्या, एक कोबी किंवा दुधी, अर्धा किलो टोमॅटो. याच्या वर पिशवीत काही पडलं तर ते फेकायचं आहे असं समज. फ्लॉवरचा गड्डा दहा रुपयांना मिळाला म्हणून घेतला आणि शनिवारी पिवळा पडून टाकला, तर दहाही गेले.

पालेभाजीची जुडी आणल्याबरोबर सोड. दोरा बांधलेला राहिला तर आतल्या पानांत उष्णता साठते आणि ती आधी काळी पडतात. माती झटक, पण धुऊ नको, धुवायची चिरायच्या आधी. कोथिंबिरीची मुळं कापून काड्या पेल्यातल्या दोन बोटं पाण्यात उभ्या ठेव आणि पाणी रोज बदल. थंडीत चार-पाच दिवस जाते, एप्रिलमध्ये दोन. टोमॅटो देठाची बाजू खाली करून पसर, एकावर एक नको.

कांद्याचं एक, नाशिकमध्ये राहून हे माहीत नसलं तर लासलगावचे लोक हसतील. पावसाळ्यानंतर बाजारात येतो तो लाल कांदा, पाणीदार, तो साठवणीचा नाही. आठ-दहा दिवसांना पुरेल एवढाच घ्यायचा. मार्च-एप्रिलमध्ये निघतो तो उन्हाळ कांदा. त्याची मान बारीक आणि सुकलेली असते, साल दोन-तीन पदरी, आणि तोच शेतकऱ्याच्या कांदाचाळीत सहा महिने राहतो. पाच किलो एकदम घ्यायचे ते फक्त हे. मान दाबून बघ, मऊ लागली तर आत कूज सुरू झालेली आहे. बटाट्यांपासून लांब, हवा खेळेल अशा टोपलीत.

फ्रीज नाही याचं फार दुःख करू नकोस. आपला अर्धा स्वयंपाक फ्रीज नसलेल्या घरांनीच बसवलेला आहे. फळीवर चार डबे ठेव आणि ते रिकामे होऊ देऊ नकोस: दाण्याचं कूट, बेसन, एक कोरडी चटणी आणि पोहे. शेंगदाणे अर्धा किलो एकदम भाजायचे, इंडक्शन ६०० वर, हलवत, साल सुटेपर्यंत. वीस मिनिटं जातात. मोठ्या आचेवर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात, आणि असं कूट लवकर खवट होतं. पूर्ण गार झाल्यावरच कुटायचं किंवा मिक्सरला लावायचं, थांबत थांबत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. कोरड्या डब्यात पंधरा-वीस दिवस राहतं. बुरशीचा वास असलेला किंवा हिरवट-काळा दाणा निवडून टाक. तो भाजून सुधारत नाही. रोज मूठभर, ३० ग्रॅम कूट म्हणजे सात-आठ ग्रॅम प्रथिनं, भाजीत गेली तरी कळत नाहीत. चटणी कारळ्याची, जवसाची, तिळाची, जी स्वस्त पडेल ती.

आता पिठलं, कारण तुझ्या मंगळवारचं आणि उशीर झालेल्या प्रत्येक रात्रीचं उत्तर ते आहे, आणि गुठळ्यांनी ते बिघडतं. गुठळी का होते? बेसन गरम पाण्यात पडलं की कणाच्या बाहेरचा स्टार्च क्षणात फुगून चिकट होतो, आणि आतल्या कोरड्या पिठाला तो पाणी मिळूच देत नाही. म्हणून पीठ गार पाण्यातच भिजवायचं. दोघींना बेसन अर्धी वाटी. त्यात आधी फक्त दोन-तीन चमचे गार पाणी घालून घट्टसर लापशी कर, घट्ट असतानाच गुठळ्या चमच्याखाली मोडतात. पातळ झाल्यावर त्या पळतात. मग एक वाटी पाणी घालून सारखं कर. हळद आणि मीठ यातच.

कढई तापवताना इंडक्शन ८०० च्या वर नको. गॅसवर कढईच्या कडा तापतात, इंडक्शनवर मधला तळ, आणि तेल नेमकं तिथेच जमतं. म्हणून तुझी फोडणी जळत असणार. दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, मग एक कांदा. कांदा काचेसारखा झाला की एक वाटी पाणी ओतून उकळी आण. उकळत्या पाण्यात डाव्या हाताने लापशी बारीक धारेने सोड आणि उजव्या हाताने ढवळत राहा. आधी पातळ वाटेल. दीड-दोन मिनिटांत कडेने घट्ट व्हायला लागतं, मध्ये बुडबुडे ‘फट्’ करून फुटतात आणि मनगटावर उडतात. तेव्हा ४०० वर आण, झाकण ठेव, सहा-सात मिनिटं. झालं की नाही हे रंगावरून नाही, वासावरून कळतं: कच्च्या बेसनाचा हिरवट वास जाऊन लसणाचा वास वर यायला हवा. घाई केलीस तर पोट फुगणार. ताटात आल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून कढईत थोडं सैलच उतरव. एकीच्या वाट्याला पाच-सहा ग्रॅम प्रथिनं आली, वर चमचाभर कूट पेरलं की आठ.

सोयावडीबद्दल लोक नाक मुरडतात ते वासामुळे, आणि वास न पिळल्याने राहतो. माणशी ३० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात टाकून तळव्यात दाबून पिळ, परत गार पाण्यात, परत पिळ. दुसऱ्यांदा निघणारं पाणी जवळपास स्वच्छ दिसलं पाहिजे. मग कांदा-टोमॅटोच्या रश्शात. १५ ग्रॅम प्रथिनं चार-पाच रुपयांत. आठवड्यातून तीनदा पुरे.

मटकीला मोड आणताना डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी आडवी येते. रात्री भिजवलेली मटकी सकाळी निथळून फडक्यात बांधली की एप्रिलमध्ये संध्याकाळी मोड दिसतात. थंडीत पूर्ण दिवस-दीड दिवस लागतो. गाठोडं रिकाम्या कुकरमध्ये ठेव, शेजारी गरम पाण्याची वाटी, झाकण लावून टाक. बुळबुळीत होऊन आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलेलं नव्हतं. ती मटकी खाऊ नको. मोडाची मटकी कुकरला लावायची नाही, लगदा होतो. फोडणी देऊन झाकणावर पाणी ठेवून बारा-पंधरा मिनिटं. कच्चे मोड सॅलडमध्ये खायची फॅशन आहे. फ्रीज नसलेल्या खोलीत आमचा तिला विरोध आहे.

पोळ्यांच्या बाबतीत स्पष्ट सांगायचं तर, तुला त्या येत नाहीत आणि इंडक्शनवर फुलक्याला ज्योतही नाही. या वर्षी शिकू नकोस. भाजी, डाळ घरी आणि पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून, दिवसाला चार. सहा रुपयांची एक धरली तर महिन्याला ७२० होतात. हे पैसे जास्त वाटतील, पण कणीक मळणं-लाटणं-भाजणं आणि परातीपासून ओटा पुसणं यात रोज तास जातो, आणि तुझ्याकडे तो नाही. ब्रेडपेक्षा पोट कितीतरी वेळ धरतं. भाजी तिथून घेऊ नको, नफा त्यांचा तिच्यात आहे.

पोळीला सुट्टी द्यायची तर धिरडी. ती सपाट तव्यावर इंडक्शनला उत्तम होतात. नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ एक वाटी, बेसन पाव वाटी, कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, आणि ताकाइतपत पातळ होईल असं पाणी. पंधरा मिनिटं ठेव, नाहीतर उलटताना तुटतात. पेठ-सुरगाणा-त्र्यंबककडची नागली बुधवारच्या बाजारात दिसली तर एक किलो घेऊन दळून आण. शंभर ग्रॅम नागलीत तीनशेहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, जे तुझ्या पावशेर दुधापेक्षा जास्त आहे. पीठ महिन्याभरात संपव, नंतर कडू लागतं.

भात मोजून कर. एका माणसाला एका वेळेला अर्धी वाटी तांदूळ. उरलेला भात उद्या फोडणीला, ही सवय फ्रीज नसताना धोक्याची आहे. शिजवल्यानंतरही टिकून राहणारे काही जिवाणू कोमट भातात रात्रभर वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा परतून जात नाही. भर थंडीत एखाद्या वेळेला निभावतं, मार्चपासून पुढे नाही. उरलाच तर दोन तासांच्या आत दही कालवून मैत्रिणीला दे.

संध्याकाळचं गळून जाणं नुसतं भुकेचं असेल असं गृहीत धरू नको. एकदा हिमोग्लोबिन तपास. बाईमाणसाचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि तो कितीही चांगली उसळ खाऊन महिन्याभरात भरत नाही, गोळ्या लागतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय तुझ्या खोलीपासून लांब नाही. खाण्याच्या बाजूने एकच बदल, पण तो आजपासून: जेवणाबरोबर आणि जेवणानंतर तासभर चहा नाही. चहातलं टॅनिन डाळ-पालेभाजीतलं लोह बांधून टाकतं. उलट पानात लिंबाची फोड किंवा कच्चा टोमॅटो असला की लोह जास्त शोषलं जातं. चार वाजताचा चहा पी, त्याच्याबरोबर खारीऐवजी गूळ-शेंगदाणे. दुपारी डबा नेता आला नाही आणि जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर दहा रुपयांच्या थाळीत पोळी-भाजी-वरण-भात मिळतो; संकोच करण्यासारखं त्यात काही नाही.

आता तुझ्या एकटीचा महिन्याचा किराणा, भाव वर धरले तसेच ढोबळ. तांदूळ तीन किलो १८०, मसूर डाळ एक किलो १००, तूर अर्धा किलो ७५, हरभरे अर्धा किलो ४५, मटकी अर्धा किलो ६०, शेंगदाणे एक किलो १४०, सोयावडी ४०० ग्रॅम ५६, बेसन अर्धा किलो ५०, पोहे एक किलो ६०, नागली किलोभर ५०, तेल एक लिटर १५०, गूळ-साखर ५०, मीठ-मसाले-चहा १५०. हे ११६६ झाले. पोळ्या ७२०, भाजी आठवड्याला १५० प्रमाणे ६५०, दूध रोज पावशेर ४५०. एकूण २९८६. रोजची प्रथिनं साठ ग्रॅमच्या आसपास बसतात. उरले पाचशे. त्यातले दोनशे डाळ-तेलाचे भाव चढले तर म्हणून बाजूला, बाकीचे चार रविवारच्या मिसळीचे. अंडी खावीशी वाटली तर गाडीवर उभं राहून उकडलेली खा, काकूंशी भांडण घेऊ नको.

सुटा किराणा एक तारखेला एकदाच, जुन्या नाशकातल्या रविवार कारंजाच्या बाजूच्या दुकानांतून. गंगापूर रोडवरच्या चकचकीत दुकानातल्या अर्ध्या किलोच्या पाकिटांना पाकिटाचेही पैसे पडतात. मैत्रिणीबरोबर तेल, मीठ, मसाले, डाळ, तांदूळ सामाईक ठेवा. दूध आणि गूळ-शेंगदाणे ज्याचे त्याचे. खोलीतली भांडणं याच दोन डब्यांवरून होतात.

या बुधवारी बाजारात जाताना दोन पिशव्या ने. दुधी, कोबी, टोमॅटो एका पिशवीत, मेथी दुसरीत, आणि मेथीची पिशवी रिक्षात मांडीवर घे.